ईमेल बदलला की सिंगल साइन-ऑनमधून (एकाच लॉगिनने सगळी अ‍ॅप) नवंच खातं तयार होतंय, मदत हवी आहे
सगळे युजर ओपनएलडॅप या डिरेक्टरीमध्ये, वर कीक्लोक हा लॉगिन सर्व्हर (फेडरेशन, म्हणजे डिरेक्टरीशी जोडणी, रीड-ओन्ली), पुढे चार अ‍ॅप ओपनआयडी कनेक्ट या लॉगिन प्रोटोकॉलने जोडलेली. तीन नीट चालतात. चौथं, जुनं, माणसाला ईमेलवरूनच ओळखतं. परवा एकीचं आडनाव बदललं, त्यामुळे ईमेलही. लॉगिन केलं तर समोर कोरा डॅशबोर्ड! फायली जुन्या खात्यात अडकल्या.

सिंक पुन्हा चालवला, कॅश साफ केली. लॉगिननंतर अ‍ॅपला मिळणाऱ्या टोकनमध्ये ‘सब’ (कीक्लोकमधला युजरचा आयडी) तोच येतोय, म्हणजे कीक्लोक बिचारं निर्दोष. ‘सब’वर जुळवणी करता येईल (कोड आमच्याच हातात आहे), पण फेडरेशन काढून पुन्हा जोडलं की तो बदलतो, आणि कीक्लोकचा सर्व्हर लवकरच हलवायचाय. एलडॅपच्या स्कीमाला (फील्डांच्या रचनेला) हात लावायची परवानगी नाही.

मग ‘एन्ट्रीयूयूआयडी’ (एलडॅप प्रत्येक नोंदीला आपोआप देतं तो आयडी) टोकनमध्ये वेगळा क्लेम, म्हणजे माहितीचं फील्ड, म्हणून पाठवून त्यावर जुळवणी करावी, की ‘सब’च धरून कीक्लोकचा डेटाबेस जसाच्या तसा हलवावा?