मदत हवी आहे: जर्मनमध्ये 'मी शिक्षिका आहे' म्हणताना 'आइने' (म्हणजे 'एक') लावायचं का? उद्या तोंडी आहे!

लेटलतीफ: उद्या सकाळी ए-वनची (पहिल्या पातळीची) तोंडी. ओळख लिहून नेली तर सरांनी 'आइने'वर लाल गोल मारला. पुढच्या ओळीत ते नाही म्हणून तिथेही गोल! विचारलं तर म्हणे सवयीने येईल. लावायचं की नाही, एका ओळीत सांगा. पोथी नको.

खवचट_काका: वाक्य कुठाय? सरांचा गोल इथून दिसत नाही.

चकलीबाई: डेअर-डी-डास, ही नामाआधीची लिंग दाखवणारी उपपदं, रंगांनी पाठ करा. मी फ्रीजभर चिठ्ठ्या लावल्यात. दुधाच्या पिशवीला हात लावला की 'डी मिल्श' आपोआप तोंडात.

लेटलतीफ: ताई, लिंगं येतात मला. अडलंय 'आइने'वर.

शब्दवेडा: 'आइन' (पुल्लिंगी 'आइने') नकोच. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी बर्लिनमध्ये 'इश बिन आइन बर्लिनर' (मी बर्लिनकर) म्हणाले; पण 'बर्लिनर' हे डोनटचंही नाव, म्हणून अर्थ झाला, मी जॅम भरलेला डोनट!

इसारकाठ: लोणकढी थाप. ते काही बर्लिनचा रहिवासी असल्याचं सांगत नव्हते, 'मीही तुमच्यातलाच' म्हणत होते. तिथे 'आइन' हवंच. शिवाय त्या डोनटला खुद्द बर्लिनमध्ये 'फानकूखन' म्हणतात. भाषण झालं त्या शोनेबर्गच्या टाउनहॉलपुढच्या गर्दीला अर्थ बरोबर कळला होता.

शब्दवेडा: आम्हाला क्लासमध्ये असंच शिकवलं.

खवचट_काका: क्लास बदला. आणि बाई, वाक्य टाका हो!

लेटलतीफ: सॉरी, राहिलंच.
इश बिन आइने लेररिन.
इश बिन गुटे लेररिन.

इसारकाठ: मग सरांचं बरोबर आहे. पेशा, राष्ट्रीयत्व, धर्म सांगताना नुसतं नाम: इश बिन लेररिन, इश बिन इंडरिन. दारावरच्या पाटीसारखं. 'गुटे' (चांगली) असं विशेषण आलं की 'आइने' परत: इश बिन आइने गुटे लेररिन. आपणही 'काय करता?' विचारलं की 'शिक्षिका आहे' म्हणतो. 'मी एक शिक्षिका आहे' हे शाळेच्या निबंधात. तुमचं पहिलं वाक्य अगदीच अशुद्ध नाही, पण कानाला तसंच निबंधी लागतं.

खवचट_काका: मग 'शिक्षिका नाही' म्हणताना 'काइने लेररिन' कसं चालतं?

इसारकाठ: नकारात तेच जास्त ऐकू येतं. लेटलतीफ, हे परीक्षेनंतर वाचा.

चकलीबाई: म्युनिकची शेजारीण माझ्याबद्दल बोलताना नावाआधी 'डी' लावते. मी काय वस्तू आहे?

इसारकाठ: दक्षिणेकडे सगळ्यांच्याच नावाला लावतात. आपल्या 'ती अमकी'तला नाकाचा शेंडा त्यात नसतो.

चकलीबाई: वर्षभर उगाच अबोला धरला की मी.

लेटलतीफ: दोन्ही ओळी बदलल्या, धन्यवाद! पण परीक्षकाने विचारलं 'चांगली शिक्षिका कशावरून', तर?

खवचट_काका: तर 'गुटे' खोडा. 'आइने'ही आपोआप जाईल.