मदत हवी आहे : पणजोबांची हजहून आलेली अंगठी, मक्केत कोरलेली की इकडे?

सलाम, नमस्कार मंडळी.

आम्ही मूळचे श्रीवर्धनचे. अम्मीच्या पेटीत पणजोबांची चांदीची अंगठी सापडली. लंबगोल, लालसर अकीकाचा खडा आणि त्यावर बारीक कोरीव अक्षरं. घरात एवढंच सांगतात की ते मुंबईहून बोटीने हजला गेले, वाटेत तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनमध्ये राहिले आणि परतले तेव्हा ही बोटात होती.

खड्यावरचं मला काही लागेना. शेवटी कणकेच्या गोळ्यावर हलकेच दाबून पाहिली आणि अंगावर काटा आला. वर 'अब्दुहू', म्हणजे 'त्याचा बंदा', खाली पणजोबांचं नाव आणि १३२४! हिजरी १३२४ म्हणजे १९०६-०७. ठशात सुलटं उमटलं, म्हणजे ही मोहोर. ताविजाची असती तर अक्षरं खड्यावरच सुलटी असती.

आता अडलंय ते इथे. ठशातला चार अरबी वळणाचा आहे, इंग्रजी तीन उलटा फिरवल्यासारखा. आपल्याकडच्या जुन्या उर्दू-फारसी कागदांत चार वेगळा काढतात. म्हणून मक्केतलं काम वाटतं. पण नावाची अक्षरं तिरपी उतरत जातात, चक्क नस्तालीक, म्हणजे आपल्याकडच्या उर्दू-फारसी लिखाणाचं वळण. मग कारागीर कुठला? खड्यावरून ठरत नाही. तो येमेनचा असेल किंवा भरूचजवळच्या रतनपूरचाही. तिथला अकीक भाजून लाल करायचे आणि खंभातहून तो अरबस्तानातही जायचा.

दुसरं जास्त घाईचं. खडा हलतोय, हे मला ठसा घेतल्यावर कळलं. कोंदणाच्या कडेला काळी भुकटी दिसते, लाख असावी. एक सराफ म्हणाले, "कोंदण नवीन करू, पॉलिश मारून नव्यासारखी देतो." मी तशीच परत आणली. तळहाताकडची चांदी झिजून कागदासारखी पातळ झाली आहे, ती पणजोबांच्या रोजच्या वापराने. ती झीज मला घालवायची नाही. लाख उष्णतेने मऊ पडते म्हणून गरम पाणीसुद्धा लावलेलं नाही, कोरड्या सुती कापडाने पुसतो तेवढंच.

चांदी न तापवता, पॉलिश न करता खडा पक्का करणारा कारागीर मुंबईत किंवा रायगडात कुणाला माहीत आहे का? आणि त्या काळात हजहून आलेली नावाची अंगठी तुमच्या घरी असेल, सालात चार असेल, तर त्या चारचा जवळून फोटो टाकाल का?