मदत हवी आहे: ‘फुल्ली सिंथेटिक’ इंजिन ऑइल घेताना बेस ऑइल बघू की कंपनीचं अप्रूव्हल?

नमस्कार मंडळी,

माझी 2015 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे, 92 हजार किमी झालेत. एरवी पुण्यातल्या पुण्यात सात-आठ किमी, आणि महिन्यातून एकदा ताम्हिणीतून माणगावला आईकडे. वॉरंटी केव्हाच संपली, म्हणून यावेळी ऑइल स्वतः आणून ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलून घेणार आहे. मॅन्युअल सांगतं व्हीडब्ल्यू 502 00 (इंजिन ऑइलसाठी फोक्सवॅगनचं स्वतःचं मानक).

दोन ऑइल बघून ठेवलीत, दोन्ही 5डब्ल्यू-40 (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड). पहिल्याच्या डेटा शीटवर ‘अप्रूव्हल’ या शब्दाखाली 502 00 आहे. दुसऱ्यावर ‘502 00 मागणाऱ्या गाड्यांसाठी योग्य’ एवढंच. पण दुकानदार म्हणतो, बेस ऑइल (ॲडिटिव्हज म्हणजे पूरक रसायनं मिसळण्याआधीचं मूळ तेल) बघितलं तर दुसरं खरं पीएओ (रसायनांपासून बनवलेलं कृत्रिम तेल), पहिलं नुसतं ग्रुप थ्री. दुसऱ्याला लिटरमागे चारशे रुपये जास्त!

मी वाचलं त्यावरून डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ शब्दावर विसंबता येत नाही. ग्रुप थ्री म्हणजे हायड्रोक्रॅक केलेलं (हायड्रोजनने प्रक्रिया करून शुद्ध केलेलं) खनिज तेलच, फक्त व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदललं तरी घट्टपणा किती टिकतो त्याचा आकडा) 120 च्या वर. कॅस्ट्रॉल अशा तेलाला सिंथेटिक म्हणते म्हणून 1999 साली अमेरिकेत मोबिलने तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला आणि ग्रुप थ्रीलाही सिंथेटिक म्हणणं रूढ झालं. दुसऱ्या ऑइलची सेफ्टी डेटा शीटही काढली. त्यात पीएओ आहे खरं, पण प्रमाण ‘10 ते 30 टक्के’. मग उरलेलं काय?

पीएओ थंडीत छान वाहतं म्हणतात, पण पुण्यात उणे तापमान असतं कुठे? मला काळजी वाफेची आहे. हे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ऑइलच्या वाफेतून तिथे बसलेला कार्बन धुतला जात नाही. म्हणून नोॲक (250 अंशांवर तासाभरात किती टक्के ऑइल उडतं) बघतोय. एसीईए ए3/बी4 (युरोपियन कारनिर्मात्यांच्या संघटनेचं ऑइल मानक) ची मर्यादा 13 टक्के. दुसऱ्याचं 8 आहे. पहिल्याच्या शीटवर आकडाच नाही.

माझा कल पहिल्याकडे आहे, कारण ते ऑइल फोक्सवॅगनच्या चाचण्यांतून गेलंय, आणि इंजिनाला बेस ऑइलइतकीच ॲडिटिव्हजचीही गरज असते. पण नोॲकचा फरक मनातून जात नाही.

टीएसआय लाखाच्या पुढे चालवलेल्यांनी कृपया सांगा: व्हॉल्व्ह उघडून कोणी पाहिलेत का? तेव्हा कोणतं ऑइल होतं, आणि किती किमीला बदलत होतात?