विषय: [नोकरी] गुरुवारी इंटरव्ह्यू, पोर्टफोलिओत दाखवू काय?

मंडळी, गुरुवारी टेक्निकल रायटरचा इंटरव्ह्यू आहे, ४५ मिनिटांचा, त्यात २० मिनिटं स्क्रीन शेअर करून स्वतःचं लिखाण दाखवायचं. माझं सहा वर्षांचं सगळं काम एनडीएखाली, म्हणजे गोपनीयतेच्या करारात. पीडीएफमध्ये कंपनीचं, प्रॉडक्टचं नाव काळ्या पट्टीने झाकलं तर चालेल का? जुन्या मॅनेजरला विचारायची सोय नाही, का ते पिकनिकला आलेल्यांना ठाऊक आहे.

---

अगं नको! ती पट्टी नुसती वर बसते. खालचा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडात पेस्ट केला की सगळं उघडं. आमच्याकडे एका उमेदवाराचं असंच झालं, चुकून कुणीतरी कॉपी केलं आणि आख्खं ग्राहकाचं नाव समोर. आणि नीट झाकलंस तरी मनात येतंच ना, उद्या आमचंही असंच दाखवेल. त्यापेक्षा ओपन सोर्समधलं, म्हणजे कुणीही बदल सुचवू शकतं असं, एखादं पान सुधार. एमडीएनचा (वेब डेव्हलपरांसाठीची माहितीची साइट) मजकूर २०२० च्या डिसेंबरपासून गिटहबवरच आहे, जिथे लोक मिळून कोड आणि मजकूर सुधारतात. पुल रिक्वेस्ट, म्हणजे तू सुचवलेला बदल, मर्ज नाही झाली, त्यांनी घेतली नाही, तरी डिफमध्ये, म्हणजे फरक दाखवणाऱ्या पानावर, जुनं-नवं शेजारी दिसतं.

---

तीन दिवसांत कसली पुल रिक्वेस्ट! तिने गणपतीत साउंड सिस्टिम लावायच्या सूचनांचा कागद केला होता तोच दाखवावा की. आधी त्यावर "यंत्रणा सुरू करून आवाज नियंत्रित करावा" एवढंच होतं, दरवर्षी आरतीच्या सुरुवातीला स्पीकर धाडकन वाजायचे. आता: मिक्सरचे सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली, मग मिक्सर चालू, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलटं, अ‍ॅम्प्लिफायर आधी. आमच्या नववीतल्या पोराने एकट्याने लावलं.

---

> तिने केला होता

माफ करा, तो कागद मूळ माझा आहे. तिने नंबर घातले आणि माझी "सुस्वागतम्"ची ओळ काढली, तीही न विचारता. लॅमिनेशन पदरच्या पैशाने केलंय.

---

काकू, चिडू नका, आम्ही इंटरव्ह्यूत हेच तर विचारतो, यातलं तुझं किती? "मजकूर काकूंचा, क्रम मी घातला, कारण लोक अ‍ॅम्प्लिफायर आधी लावत होते" असं सरळ सांगितलं तर बरंच वाटतं. सगळं माझंच म्हणणाऱ्याला दोन प्रश्नांत कळतं. आणि नमुने दोन, फार तर तीन. चाळीस पानं स्क्रोल करत बसलीस तर आम्ही घड्याळ बघतो.

---

नोकरीच्या मेलला विषयात [नोकरी] लिहायचा नियम मी आणला तेव्हा हसला होतात, आता बघा. बाय द वे हॉलची चावी कुणाकडे आहे?
खजिनदार

---

चावी माझ्याकडे नाही. काकू, तुमचा जुना कागद आहे का अजून? दोन्ही शेजारी ठेवून दाखवते, तुमचं नाव आधी घेईन, शप्पथ.

---

आहे, फ्रिजवर चिकटवलाय. उद्या स्कॅन करते. "सुस्वागतम्" झाकू नकोस. आणि खजिनदार, लॅमिनेशनचे साडेसहा डॉलर अजून यायचेत.