वोलाटाइल लावूनही डिस्क्रिप्टरची जुनीच लांबी जाते, बॅरियर नक्की कुठे टाकायचा?

हिंजवडी_फेज२: नमस्कार मंडळी. एका नेटवर्क कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर एक्स८६ वरून ६४-बिट एआरएम बोर्डवर आणायचं काम चाललंय. ट्रान्समिट रिंग (पाठवायच्या पॅकेटांच्या नोंदींची गोल रांग) साधी आहे, डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे एका पॅकेटच्या नोंदीत, बफरचा अ‍ॅड्रेस आणि लांबी भरायची, मग ही नोंद आता कार्डाची असं सांगणारा ओन बिट लावायचा आणि शेवटी कार्डाला नवीन काम कळवणाऱ्या डोअरबेल रजिस्टरला लिहायचं. एक्स८६ वर कधी त्रास झाला नाही, इथे लोड वाढला की मधूनच एखादं पॅकेट मागच्या फेरीच्या लांबीने बाहेर पडतं. ओ० ने (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून) कंपाईल केलं की दिसत नाही, ओ२ ने (चालू ठेवून) दिसतं, आणि मध्ये लॉग छापायला प्रिंटके टाकला की गायब. स्ट्रक्चरला वोलाटाइल लावलं तर बरंच कमी झालं पण बंद नाही झालं. मेमरी डीएमए अलॉक कोहेरंटने घेतलीये (म्हणजे सीपीयू आणि कार्ड दोघांना सारखीच दिसणारी) आणि डोअरबेलला राईटएल हे रजिस्टरला लिहिणारं फंक्शन वापरतोय, त्यात बॅरियर (मेमरी अ‍ॅक्सेसचा क्रम पक्का करणारी सूचना) असतोच ना? मग अजून काय राहिलं?

कोथरूडकर: कमी झालं पण थांबलं नाही यातच उत्तर आहे. इथे क्रम बिघडवणारे दोघं आहेत, कंपायलर आणि सीपीयू. वोलाटाइलमुळे कंपायलर त्या लिहिण्यांची अदलाबदल करत नाही, पण सीपीयूला त्याचं काही सोयरसुतक नसतं. एक्स८६ साध्या मेमरीतली दोन स्टोअर बाहेर क्रमानेच दाखवतो म्हणून तिथे निभावलं, एआरएम तशी हमी देत नाही. प्रिंटकेमुळे वेळ बदलते आणि त्याच्या आत लॉक वगैरे असतात, म्हणून बग लपतो, सुटत नाही.

बाणेर_बोर्ड: राईटएलबद्दल बोलतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. त्यातला बॅरियर डोअरबेलच्या आधीचं सगळं लिहिणं डोअरबेलच्या आधी पोचवतो, बरोबर. पण लांबी आणि ओन बिट या दोघांचा आपसातला क्रम कोण सांभाळणार? कार्ड डोअरबेलची वाट बघत बसतंच असं नाही, आधीच्या पॅकेटचं काम चालू असतानाच ते पुढचा डिस्क्रिप्टर वाचून ठेवतं. लोड वाढल्यावरच का दिसतं ते यामुळे. पंगतीत सगळं वाढून झाल्याशिवाय यजमान सावकाश होऊ द्या म्हणत नाही, तसा ओन बिट सगळ्यात शेवटी दिसायला हवा. म्हणजे अ‍ॅड्रेस, लांबी, मग डीएमए_डब्ल्यूएमबी (कार्डासोबतच्या मेमरीत लिहिण्याचा क्रम लावणारा बॅरियर), मग ओन बिट, मग राईटएल. वोलाटाइल काढून टाक, ओन बिटला राईट_वन्स (ते लिहिणं कंपायलरला एकदाच आणि अखंड करायला लावणारा मॅक्रो) वापर.

सिंहगड_रोड: एवढा विचार कशाला, सगळीकडे डब्ल्यूएमबी, म्हणजे सरसकट राईट बॅरियर, टाका ना, सुटेल.

बाणेर_बोर्ड: सुटेल, पण ६४-बिट एआरएमवर डब्ल्यूएमबी म्हणजे डीएसबी, आधीची स्टोअर पूर्ण होईपर्यंत सीपीयू तिथेच थांबतो, आणि हे दर पॅकेटला होणार. डीएमए_डब्ल्यूएमबी म्हणजे फक्त डीएमबी, क्रम लावतो आणि पुढे जाऊ देतो, इथे तेवढंच हवंय. ही जोडी, डीएमए_डब्ल्यूएमबी आणि वाचनासाठीचा डीएमए_आरएमबी, कर्नल ३.१९ मध्ये अशाच रिंगसाठी आली. आणि कृपा करून एसएमपी_डब्ल्यूएमबी टाकू नका, तो सीपीयू-सीपीयूमधला आहे. एका कोअरसाठी बनवलेल्या कर्नलमध्ये त्याचा नुसता कंपायलर बॅरियर होतो, आणि कार्ड तर तेव्हाही मेमरी वाचतच असतं.

कोथरूडकर: रिसीव्ह बाजू पण बघून घे. तिथे उलटं असतं, ओन बिट वाचून डिस्क्रिप्टर आपल्याकडे आला असं कळलं की डीएमए_आरएमबी, त्यानंतरच लांबी आणि स्टेटस वाचायचं. नुसती इफची अट वाचनाचा क्रम लावत नाही, सीपीयू अंदाजाने पुढचं आधीच वाचून ठेवतो. आणि प्रत्येक बॅरियरवर तो कुठल्या दोन अ‍ॅक्सेसच्या मध्ये आहे ते कमेंटमध्ये लिही, कर्नलचा कोड तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट पण बऱ्याच बॅरियरना अशी कमेंट मागते, आणि नंतर कोणी साफसफाई करताना ती ओळ उडवत नाही.

हिंजवडी_फेज२: दोघांचे मनापासून आभार! ऑब्जडंपने मशीन कोड काढून पाहिला, आता ओन बिटच्या स्टोअरआधी डीएमबी दिसतोय, आधी तिथे काहीच नव्हतं. लोड टेस्ट लावलीये, अजून तरी चुकीची लांबी आली नाही. रिसीव्हमध्ये खरंच नुसतीच अट होती, तिथेही टाकला. एक शेवटचं, कार्ड रिसेट करताना राईटएल करून लगेच यूडिले (काही मायक्रोसेकंदांचा थांबा) देतोय, तिथे पण बॅरियर लागेल का?

बाणेर_बोर्ड: कार्ड पीसीआय एक्सप्रेसवर असेल तर बॅरियरने भागणार नाही. तिथलं लिहिणं पोस्टेड असतं, सीपीयूच्या हातून सुटलं तरी वाटेत कुठेतरी असू शकतं आणि तुझा यूडिले आधीच संपून जाईल. राईटएलनंतर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर रीडएलने वाच, मग यूडिले. फक्त ते रजिस्टर वाचल्याने क्लिअर होणारं नाही ना ते डेटाशीटमध्ये बघून घे.