पिहाची सहल: मुलांना कोणते हिलरी सांगायचे?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

११ जानेवारी हा सर एडमंड हिलरींचा स्मृतिदिन. त्याला लागून येणाऱ्या रविवारी आपली पिहाची, म्हणजे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या पश्चिमेकडच्या समुद्रकिनाऱ्याची, सहल आहे. चालून झालं की जेवणाआधी कुणीतरी मुलांना वीस मिनिटं हिलरींबद्दल सांगावं, असं कार्यकारिणीत ठरलंय. एव्हरेस्टचे फोटो आणि स्लाइड्स तयार आहेत, वक्ता तेवढा हवाय.

बूट घरूनच घासून आणा आणि पायवाटेच्या तोंडाशी जंतुनाशकाचा फवाराही मारून घ्या. कौरी झाडांचा रोग मातीतून पसरतो. काही वाटा त्यामुळे बंद असतात, तेव्हा कौन्सिलच्या साइटवर पाहूनच मार्ग नक्की करू.

---

प्रेषक: टिटिरांगीहून एक सभासद

सचिवदादा, मी बोलेन, कुटुंबवत्सल हिलरींबद्दल. पण स्लाइड्स नकोत.

२९ मे १९५३, तेनसिंग, २९ हजार फूट हे सगळं मुलांना शाळेत पाठ झालंय. पाच डॉलरच्या नोटेवर रोज तोच चेहरा बघतात ती. पिहाला जाऊनही पुन्हा एव्हरेस्टच सांगायचं, तर घरी यूट्यूब काय वाईट? पिहाच्या उत्तरेला लागूनच अनाव्हाटा आहे. तिथे हिलरींच्या सासरच्यांचं सुट्टीतलं घर. आपल्याकडे जावई सासुरवाडीला गेला की पाटावरून उठत नाही, हे गृहस्थ मात्र तिथल्या डोंगरात आणि समुद्रकाठी रमायचे.

लग्नाची गोष्ट तर मुलांना हमखास आवडेल. एव्हरेस्ट सर करून आलेला हा सहा फुटांहून उंच माणूस लुईझला लग्नाचं विचारायला घाबरला! ती तेव्हा सिडनीत व्हायोला शिकत होती. शेवटी तिच्या आईनेच फोनवरून यांच्या वतीने तिला विचारलं. सप्टेंबर १९५३ मध्ये लग्न झालं. तोवर हिलरी भावाबरोबर घरचा मधमाश्यांचा धंदा सांभाळणारे, उन्हाळाभर पोळ्यांच्या पेट्या उचलणारे. अंगातली ताकद तिथलीच, असं मला वाटतं.

पुढे हिलरींनी नेपाळमधल्या शेर्पांसाठी बांधलेली खुमजुंगची शाळा झाली १९६१ मध्ये आणि कुंदेचं हॉस्पिटल १९६६ मध्ये. हे काम एकट्याचं नव्हतं. भाऊ रेक्स बांधकामाला जायचा, आणि लुईझ तिन्ही मुलांना घेऊन शेर्पांच्या गावांत पायी फिरली. सुट्टीत बाबा मुलांना घेऊन कुठे गेले, तर जिथे बाबांचं काम चालू होतं तिथे.

आणि मग ३१ मार्च १९७५. हिलरी फाप्लूला हॉस्पिटल बांधत होते. लुईझ आणि धाकटी बेलिंडा काठमांडूहून विमानाने त्यांच्याकडे निघाल्या. विमान उडालं आणि लगेच कोसळलं. बेलिंडा सोळा वर्षांची होती. मुलांना हे सांगावं का, यावर मी बराच विचार केला. सांगावं असं वाटतं, पण लहान मुलं वाळूत खेळायला गेल्यावर.

---

प्रेषक: हेंडरसनहून एक सभासद

ताई, बोलणं छान होईल, शंका नाही. पण "कुटुंबवत्सल" हा शब्द जरा जपून वापरूया का? १९५६ च्या अखेरीस ते अंटार्क्टिकाला गेले आणि ४ जानेवारी १९५८ ला फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले. घरी दोन मुलं अगदी लहान होती. ती वर्षभर कुणी सांभाळली? लुईझने. आपल्यातले निम्मे पुरुष महिनोन्महिने कामासाठी बाहेर असतात, त्यांना कुणी कुटुंबवत्सल म्हणत नाही. (माझी बायको तर नक्कीच नाही.)

---

प्रेषक: माउंट रॉस्किलहून एक ज्येष्ठ सभासद

चि. हेंडरसनकर,

मुद्दा खरा आहे, आणि लुईझचं श्रेय लुईझलाच द्यावं. पण माणूस घरात किती दिवस होता एवढ्यावर हिशेब संपवू नये. १९७५ नंतर हिलरी खचले होते. झोप येत नसे, दारू वाढली होती, हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलं. तरी हिमालयातलं काम त्यांनी सोडलं नाही.

१९७७ मध्ये गंगासागरपासून जेटबोटी घेऊन ते गंगेतून वर निघाले, तेव्हा मुलगा पीटर बरोबर होता. मी तेव्हा अलाहाबादेत नोकरीला होतो. नदीकाठी माणसांची ही गर्दी! बोटी बघायला कमी आणि एव्हरेस्टवाल्याच्या दर्शनाला जास्त. कुणी हार घेऊन उभं, कुणी नारळ. नंदप्रयागजवळच्या धबधब्यापुढे बोटींची वाट संपली. पुढे पायी चढताना उंचीवरची हवा हिलरींना सोसली नाही आणि त्यांना खाली आणावं लागलं. ज्याने एव्हरेस्ट पायाखाली घातलं त्याला! हे मुलांना जरूर सांगा. १९९० मध्ये पीटर स्वतः एव्हरेस्टवर पोचला, तेही सांगा.

आणखी एक. १९८५ पासून साडेचार वर्षं ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते. जून मलग्रू तेव्हा त्यांच्यासोबत होत्या. तिचे पती पीटर मलग्रू हे हिलरींचे जुने सोबती. १९७९ मध्ये अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर झालेल्या विमान अपघातात ते गेले. त्या उड्डाणात प्रवाशांना अंटार्क्टिकाची माहिती सांगायला मुळात हिलरी जाणार होते, त्यांच्याऐवजी मलग्रू गेले. १९८९ मध्ये हिलरींनी जूनशी लग्न केलं. ही दोन दुःखं एका घरात कशी नांदली असतील, मला कल्पना करवत नाही. ताई, हे वीस मिनिटांत बसणार नाही. मोठ्यांसाठी पुन्हा कधीतरी एक संध्याकाळ ठेवा.

---

प्रेषक: सचिव

सर्वांचे आभार. टिटिरांगीच्या ताई बोलतील, स्लाइड्स रद्द. हेंडरसनकरांनी लुईझवर पाच मिनिटं बोलावं असा ठराव मी एकट्यानेच मंजूर करून टाकलाय. मोठ्यांची संध्याकाळ मार्चमध्ये ठेवू, काकांनी अलाहाबादचे जुने फोटो असतील तर शोधून ठेवावेत.

जेवणाचं: पुरी-भाजीचे डबे सहा जणांनी कबूल केलेत, मठ्ठा अजून कुणीच नाही. पिहाचा रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर आत्ताच हक्क सांगावा.