पावसाळा सुरू झाला, तुमच्या भुभू-माऊंचे अनुभव लिहा

कोपरीकर
काल पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं आणि वरच्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर कुत्रा त्यातच लोळून वर तेच पाणी पीत होता. एकदम आमचा शेरू डोळ्यांपुढे आला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची गोष्ट. तळमजल्याचं घर, पाणी आत शिरलेलं, बिळांतले उंदीर सगळे बाहेर. थोड्या दिवसांनी शेरूने खाणं सोडलं, नुसता पडून राहायचा. आईने ओठ उचलून बघितलं तर हिरड्या पिवळ्या, डोळ्यांचा पांढरा भागही हळदीसारखा. बाबांनी ओळखीचा टेम्पो काढला आणि थेट परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, गाठलं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो, जखमेतून किंवा तोंडातून अंगात शिरतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. सलाईन, इंजेक्शनं, शिवाय त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करायची अशी आम्हाला ताकीद. शेरू वाचला तो आईच्या नजरेमुळे. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी, पावसाच्या आधी. साधारण सगळ्या लशी एकत्र असलेल्या इंजेक्शनात ती असते, पण प्रत्येकात नसते. कार्ड काढून डॉक्टरांना विचारा.
तुमचेही अनुभव लिहा, बारा महिन्यांतले कुठलेही.

उपवनची आजी
शेरूच्या आईला माझा नमस्कार सांगा हो.

झिपरी
गोचीड!! गोचीड उन्हाळ्यातच होतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षभर असतात. आमची झिपरी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी फिरायची. ताप, जिन्यावर चढेना, हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं तर प्लेटलेट पार खाली. गोचीडताप. गोळ्यांचा मोठा कोर्स झाला तेव्हा सावरली. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, मादी भिंतीच्या फटीत नाहीतर सोफ्यामागे जाऊन हजारांनी अंडी घालते. घरातही औषध मारावं लागतं. आणि येऊरला संध्याकाळी कुत्रा मोकळा सोडू नका, बिबट्याचा भाग आहे. साखळी हातात हवी. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते.

ऐरोलीचा दादा
@झिपरी कडुनिंबाच्या पाण्याने जातात का? बायको म्हणते रॉकेल लाव.

झिपरी
रॉकेल अजिबात नको दादा! कातडी भाजते, आणि चाटलं तर पोटात जातं. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही. बोटांनी चिरडू पण नका. कडुनिंबावर विसंबू नका, महिन्याचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या.

माऊची मावशी, नेरूळ
याच्यापुढे ठळक अक्षरांत लिहा कोणीतरी: कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजरीला लावायचं नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजरीला विष. आमच्या शेजारी असंच लावलं होतं, माऊला झटके यायला लागले. रात्री रिक्षाने घेऊन पळालो सगळे. वाचली. तसंच पॅरासिटामॉल. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. ताप वाटला तर फोन करा डॉक्टरांना, घरातला डबा उघडू नका.

वाशी_सेक्टर९
बोका पाळणाऱ्यांनी वाचा. आमचा गुंड्या सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कण्हायचा, बाहेर काही नाही. सासूबाईंना वाटलं बद्धकोष्ठ. मूत्रमार्ग तुंबला होता. नळी घालून मोकळा केला. डॉक्टर म्हणाले बोक्यांमध्ये हे फार होतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो, सकाळची वाट बघायची नाही. आता ओलं खाणं जास्त, पाण्याचे वाडगे घरभर. गुंड्या सध्या माझ्या चार्जरवर झोपलाय म्हणून टायपिंग घाईत.

उपवनची आजी
गुंड्याचा फोटो टाका की.

कोलशेत_२२वा_मजला
मांजर चार पायांवर पडतं म्हणून काही होत नाही, हे मनातून काढून टाका. शेजारच्या टॉवरमध्ये कबुतराच्या मागे माऊ गेली ती थेट खाली. जबडा मोडला, छातीला मार. आम्ही घर घेतलं तेव्हा सोफ्याच्या आधी खिडक्यांना जाळी लावली.

पामबीचवाला
पग आहे. पावसाचं सगळे बोलतायत, मला ऑक्टोबरची जास्त धास्ती. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करता येत नाही नीट. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची, आपल्याला धरवत नसेल तर त्याचे पंजे भाजणार. फिरणं सकाळी सहाच्या आत नाहीतर रात्री. कधी ऊन लागलंच तर साधं नळाचं पाणी अंगावर, समोर पंखा आणि लगेच डॉक्टर.

शिरापुरी
सत्यनारायणाचा प्रसाद! शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला द्यायचे नसतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्याकडे काकू प्रेमाने द्यायला निघाल्या, मुलीने ओरडून थांबवलं. पोह्यातला कांदाही नको. प्रसाद म्हणून साधा भात द्या, तोही आनंदाने खातो.

ऐरोलीचा दादा
बेदाण्याचं खरंच माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं आत्ता.

कळवा_नाका
माऊ घराबाहेर जात नाही मग रेबीजची लस कशाला?

माऊची मावशी, नेरूळ
@कळवा_नाका दार उघडं राहतं एखाद्या दिवशी. रेबीज झाल्यावर उपाय नाही, ना तिला ना आपल्याला. लस द्याच. आणि कुठल्याही अनोळखी जनावराने चावलं, ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, मग लगेच दवाखाना. हळद-चुना काही लावायचं नाही.

कळवा_नाका
शनिवारी नेते. धन्यवाद ताई.

झिपरी
आले परत. दिवाळीचं राहिलं. फटाक्यांना फार घाबरत असेल तर डॉक्टरांना आधीच भेटा, ऐनवेळी नाही. पट्ट्यावर फोन नंबर हवाच, घाबरून पळालेली कुत्री सापडत नाहीत. आमची ढोलताशालाच कपाटात जाते, तिथे गोधडी घालून ठेवते मी.

खारघरकर
कोलशेतवाल्यांना प्रश्न, जाळी कसली लावली? आमच्या मांजरीने कबुतराची नायलॉनची कुरतडून भोक पाडलं.

कोलशेत_२२वा_मजला
@खारघरकर स्टीलची बारीक जाळी, चौकटीला स्क्रूने. नुसत्या हुकांवर टांगलेली घेऊ नका, वाऱ्याने सैल होते. उभ्या तारांची पण नको, पिल्लू मधून निसटतं. जाळी लावणाऱ्या माणसाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.